हजेरी चुकली. का चुकली, हे विचारलं कुणी?

आज दुपारी आमच्या ग्रुपवर पॅरोल रद्द झालेल्या एका कैद्याची बातमी आली. खाली एकाने लिहिलं, "असल्यांना नोटीस कसली देता? उचला आणि आत टाका." त्यावर धडाधड अंगठे. ओळखीची माणसं, शिकलेली. हातातलं काम टाकून लिहायला बसले आहे.

माझा मावसभाऊ, आमचा दादा, शिक्षा भोगतोय. गुन्हा त्याने केला होता, मी लपवत नाही. मावशीच्या आजारपणात त्याला अभिवचन रजा, म्हणजेच पॅरोल, मिळाली होती. अट होती रोज पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. बारा दिवस लावली. तेराव्या दिवशी मावशीला आयसीयूत हलवलं, रक्तासाठी धावणारा घरात तोच. दोन दिवस हजेरी चुकली आणि पंधराव्या दिवशी त्याला घेऊन गेले. रिपोर्टमध्ये एकच ओळ, "बंदी हजेरीस गैरहजर." केसपेपर, रक्तपेढीच्या पावत्या, सगळं एका पिवळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दादाच्या हातात होतं. मी शेजारी उभी होते. ती पिशवी कुणी उघडलीसुद्धा नाही.

दोन मिनिटं लागली असती. दोन मिनिटं!

पॅरोल हा हक्क नाही, सवलत आहे, हे मला कुणी शिकवू नका. दिलेली सवलत काढून घेताना माणसाला विचारायचंच नाही, हे कुठल्या न्यायात बसतं? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलंय की सशर्त शिक्षामाफी रद्द करायची तर आधी कारणं देऊन नोटीस द्या, उत्तर ऐकून घ्या, मग कारणांसह आदेश काढा. नुसता गुन्हा नोंदवला गेला म्हणून माफी आपोआप जात नाही. त्या माणसाला "दोन वर्षं सभ्यपणे वागावे" अशी अट होती. सभ्य म्हणजे काय, ते ठरवणार कोण? न्यायालयाने ती अटच मनमानी ठरवली. निकाल माफीबद्दलचा आहे, रजेबद्दलचा नाही, मान्य. पण ज्याला परत आत जायचंय त्याला काय फरक पडतो?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९७२ मध्येच, मॉरिसी विरुद्ध ब्रूअर खटल्यात, पॅरोल रद्द करण्याआधी काय काय करायचं ते घालून दिलं. आरोप लेखी द्या, पुरावा दाखवा, त्याचं आणि त्याच्या साक्षीदारांचं ऐका, आणि निर्णय त्रयस्थाने घ्यावा. हे त्रयस्थाचं मला फार लागतं. दादाच्या बाबतीत रिपोर्ट लिहिणाऱ्याचा शब्द हाच निकाल झाला.

काही जण रजेवरून फरारी होतात, साक्षीदारांना धमकावतात. हो, होतं असं. त्यांना ताबडतोब ताब्यात घ्या. पण आत घेतल्यावर तरी ऐका ना!

दादाला न्यायला आलेला हवालदार वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. त्याने आम्हाला पाणी दिलं. "ताई, वरून आलंय," एवढंच म्हणाला आणि खाली बघत राहिला. पिशवी उघडून त्याने तरी काय केलं असतं? आतलं लिहायला त्याच्या कागदावर रकानाच नव्हता.

पुढचा रजेचा अर्ज नामंजूर झाला. कारण, "पूर्वी अटींचा भंग." त्या दोन दिवसांचाच भंग.

आता संचित रजेचा, म्हणजे ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर मिळणाऱ्या फर्लोचा, अर्ज करायचाय. मावशीने पिशवी जपून ठेवलीय. या वेळी त्यातल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स अर्जाला जोडणार, आणि पोच हातात पडेपर्यंत मी टेबलासमोरून हलणार नाही.