टाळं लावा म्हणताय, पण थांबा जरा

तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की युक्रेनचं युद्ध ज्यांना थांबवता आलं नाही त्या ओएससीई (युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना) आणि संयुक्त राष्ट्रं या नुसत्या पगार खाणाऱ्या संस्था आहेत, त्यांना टाळं लावा, आणि मी पुण्यात बसून उगाच त्यांची बाजू घेतोय.

युद्ध थांबलं नाही हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. ओएससीईत ५७ देश, आणि निर्णयाला सगळ्यांची संमती लागते, म्हणजे एकजण जरी अडून बसला तरी काम ठप्प. झालंही तसंच. २०१४ पासून तिचे निरीक्षक युक्रेनमध्ये होते, रशियाने मुदतवाढ अडवली आणि ३१ मार्च २०२२ ला मिशन संपलं, म्हणजे सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच. सुरक्षा परिषदेत व्हेटोचं तेच रडगाणं.

पण त्या आठ वर्षांत ही माणसं काय करत होती ते बघा ना. पूर्व युक्रेनमधल्या डोनेत्स्कजवळ, युक्रेनचं सैन्य आणि रशियाच्या पाठिंब्यावर लढणारे फुटीरवादी यांच्या बरोब्बर मधे, पाणी शुद्धीकरणाचं एक केंद्र आहे. आपल्याकडे पर्वतीला दुरुस्ती निघाली की गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येतं, आदल्या रात्री पिंपं-बादल्या भरून ठेवतो तरी घरात चिडचिड होते. तिथे पाइप जोडायला माणसं जायची म्हणजे आधी दोन्ही सैन्यांशी बोलून, या वेळेपासून त्या वेळेपर्यंत कुणी गोळीबार करणार नाही अशी हमी मिळवायची, मग निरीक्षक जवळ थांबून लक्ष ठेवणार आणि तेवढ्या वेळात दुरुस्ती उरकायची. एप्रिल २०१८ मध्ये या केंद्राच्या कामगारांच्या बसवरच गोळीबार झाला, पाचजण जखमी झाले. तरी लोक परत कामावर गेले आणि दोन्हीकडच्या लाखो लोकांना पाणी मिळत राहिलं. तुमच्या ‘रिझल्ट काय’ या प्रश्नात हे पाणी कुठे धरलंय?

आणि रोजचा रिपोर्ट असायचा. किती स्फोट ऐकू आले, रस्त्यातला खड्डा कुठल्या दिशेने आलेल्या तोफगोळ्याने पडलाय, हे जाऊन, बघून, मोजून लिहिलेलं. दोन्ही बाजू एकमेकांवर ढकलत असताना त्रयस्थाने केलेली ती नोंद होती, ती बंद झाली.

भविष्याचं म्हणाल तर मला वाटतं या संस्था टिकतील त्या संमतीला वळसा घालणाऱ्या वाटांवर. मार्च २०२२ मध्ये ४५ देशांनी ‘मॉस्को मेकॅनिझम’ (मानवी हक्कांच्या चौकशीसाठी ओएससीईत असलेली तरतूद) वापरून तज्ज्ञ नेमले, त्याला रशियाचा होकार लागलाच नाही, आणि एप्रिलमध्ये अहवाल हातात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून, देशांनी आपणहून दिलेल्या पैशांवर, युक्रेनमध्ये नवा मदत कार्यक्रम सुरू झाला. तोकडं आहे, मान्य. पण रशियाला या संस्थांतूनच बाहेर काढा असं कुणी म्हटलं तर ते काही मला पटत नाही, कारण गोळीबार थांबवण्याची हमी मागायची ती त्याच्याकडेच.

आणि ‘पुण्यात बसून’ हे जरा लागलं मला. खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत लढताना गेले, परमवीर चक्र मिळालं त्यांना. आपल्या औंधच्या लष्करी तळावर मार्च २०२३ मध्ये आफ्रिकी देशांचे सैनिक येऊन आपल्या जवानांबरोबर सुरुंग काढण्याचा आणि शांतिसेनेचा सराव करून गेले. हा विषय आपल्यापासून लांबचा नाहीच हो.

सध्या माझी काळजी लेबनॉनची आहे. तिथली शांतिसेना ३१ डिसेंबर २०२६ ला थांबवायची असं सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलंय, १९९८ पासून आपले जवान तिथे आहेत. ते निघाले की लेबनॉन-इस्रायल सीमेवर काय झालं हे दोन्हीकडच्यांना सोडून कोण लिहून ठेवणार, यावर पुढची पोस्ट लिहितोय, त्यावरही अशीच सडेतोड कमेंट टाका.