सेल्फ घेतो पण चालू होत नाही, म्हणजे पंप गेला?

ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. डिझेल गाडी सेल्फ घेते पण चालू होत नाही, तर इंजिनला डिझेल देणारा पंप गेलाच समजा. दिवे लागत असतील तर बॅटरीकडे बघू नका. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरा किंवा स्टार्टिंगचा स्प्रे मारा, नाहीच जमलं तर टोचन लावून ओढा. या सल्ल्यापायी लोकांचे पैसे जातात, कधी इंजिनही जातं, म्हणून हे लिहितोय.

आधी दिव्यांचं. केबिनच्या दिव्याला एखादा अँपिअर पुरतो, सेल्फला शेकड्यांनी लागतात. ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. सेल्फ मारताना दोन्ही मिळून 19 व्होल्टच्या बऱ्याच खाली गेल्या, तर दिवे लागूनही उपयोग नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबली जाऊन तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. इंजिन रेंगाळत फिरलं की हवा पुरेशी तापत नाही. बॅटरी ठणठणीत असेल तर मीटरचं एक टोक चेसिसला गेलेल्या मायनसवर आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष गंजलेल्या अर्थिंगचा, म्हणजे मायनसच्या जोडणीचा, समजा.

आता पंप. सेल्फ जोरात फिरतोय ना? मग एकाला सायलेन्सरपाशी उभं करा. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पेटत नाहीये. तिथे कॉम्प्रेशन (हवा नीट दाबली जाते का), टायमिंग (डिझेल वेळेवर सुटतं का), थंडी हे बघायचं. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही. तरीही लगेच पंपावर पाना लावू नका. जुन्या गाडीत इंजिन बंद करायची स्टॉपची केबल अडकलीय का बघा, फिल्टरखालचं पाणी सोडा.

सगळ्यात जास्त फसवते ती डिझेलच्या नळीत शिरलेली एअर, म्हणजे हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) नळीत डिझेल ओढलं जातं, म्हणजे तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे बारीक चीर पडली तरी इंजिन फिरताना बाहेर थेंब दिसत नाही, उलट हवा आत शिरते. नळी कोरडी आहे म्हणून ती चांगली, असा निष्कर्ष निघतो आणि पंप खोलला जातो. फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडा आणि सेल्फ मारा. बुडबुडे धावताना दिसले की चोर टाकीच्या बाजूला आहे: जुना तांब्याचा वॉशर, सैल क्लिप, फिल्टरचं नीट न बसलेलं रबर. गळती बंद करून हँड पंपाने एअर काढली की बऱ्याच गाड्या तिथेच चालू होतात.

पेट्रोल आणि स्प्रेबद्दल मात्र कळकळीने सांगतो, करू नका. स्प्रेमधला ईथर डिझेलपेक्षा कमी तापमानाला पेटतो. पिस्टन वर येत असतानाच भडका उडतो. रिंगा तुटतात, पिस्टनला तडे जातात. इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, हीटर असेल तर स्फोट तिथेच. पेट्रोलची वाफ तर केबिनखाली, माणसाच्या तोंडाशी पेटते.

टोचनचं थोडक्यात. एअर ब्रेकच्या ट्रकची हवेची टाकी रिकामी असेल तर पार्किंग ब्रेकची स्प्रिंग चाक धरून ठेवते, गाडी हलणारच नाही. आणि पुरात उभी राहिलेली गाडी तर ओढूही नका, सेल्फही मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. 2019 आणि 2021 मध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्ग बुडाला होता, त्या पट्ट्यातल्या मालकांनी हे ध्यानात ठेवावं.

नव्या कॉमन रेलच्या गाडीत सगळ्या नोझलना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल जातं. त्या रेलमध्ये साधारण 200 बारच्या वर दाब झाल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नोझल उघडतच नाही. तिथे जुन्या सवयीने नोझलचा नट सैल करू नका. त्या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. सेल्फ मारताना दाब किती चढतो ते स्कॅनरवर दिसतं. पंप उतरवायला सांगणाऱ्या मेकॅनिककडून आधी तो आकडा मागून घ्या.