चालू इंजिनाला भोक का पाडायचं?

तुमची कमेंट दोनदा वाचली. चिडून लिहिलीय पण मुद्दे आहेत त्यात, म्हणून जरा लांबलचक उत्तर देतोय. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या आदिवासी मच्छीमारांच्या बोटींना सरकारी पैशातून नवीन इंजिनं देतायत, जुनी धडधाकट इंजिनं भोकं पाडून भंगारात घालतायत आणि नवीन इंजिन पण शेवटी डिझेलच पिणार, मग हा पर्यावरणाच्या नावाखाली पैशांचा चुराडा नाही तर काय? शिवाय यांनाच का, मोठी जहाजं जास्त धूर सोडतात त्यांचं काय, आणि इलेक्ट्रिक का नाही, असंही विचारलंत.

भोकापासून सुरू करू, कारण सुरुवातीला मलाही तो माजच वाटला होता. हा पैसा येतो २००५ च्या एका कायद्यातून, डिझेल एमिशन्स रिडक्शन अ‍ॅक्ट, म्हणजे डिझेलचा धूर कमी करायचा कायदा, त्याचं शॉर्टफॉर्म डेरा (हो, खरंच डेरा). त्यात अट अशी की जुन्या इंजिनाच्या ब्लॉकला ३ इंचाचं भोक पाडून ते कायमचं निकामी करायचं आणि त्याचे फोटो ठेवायचे. का, तर ते इंजिन विकलं तर दुसरा कोणीतरी स्वस्तात घेऊन आपल्या बोटीत बसवणार, म्हणजे धूर या धक्क्यावरून त्या धक्क्यावर गेला एवढंच. आणि इंजिन चालू असतानाच का काढायचं? तर मरायला टेकलेलं इंजिन मालक तसंही बदलणारच होता ना, त्यावर सरकारने कशाला खर्च करायचा! म्हणून निदान ३ वर्षं आयुष्य शिल्लक असलेलंच इंजिन घेतात. तुम्हाला जी उधळपट्टी वाटतेय तिच्यातच सगळा हिशोब आहे.

आता मूळ गोम. ईपीएचे (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) धुराचे नियम मुख्यतः नव्या इंजिनांना लागू होतात, जुनं छोटं इंजिन रिंगा बदल, इंजेक्टर बदल, हेड उघड, असं करत करत कायद्यात बसून वर्षानुवर्षं चालवता येतं, आणि डिझेल इंजिन किती चिवट असतं ते मेकॅनिकला विचारा. मासेमारीत आता पूर्वीसारखा भरवसा उरलेला नाही, सालमन मासा घटलाय, सीझन आखूड झालेत, मग नवीन इंजिन स्वतःच्या खिशातून कोण घेणार?

‘यांनाच का’ हे मात्र मला खटकलं. १८५४-५५ च्या अमेरिकन सरकारशी झालेल्या करारांत या आदिवासींनी जमिनी सोडल्या आणि नेहमीच्या जागी मासे मारायचा हक्क राखून ठेवला. तोही नंतर पायदळी तुडवला गेला, अटका झाल्या, तेव्हा कुठे १९७४ साली फेडरल कोर्टाचे जज बोल्ट यांनी निकाल दिला की पकडता येण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा त्यांचा. ही खैरात नाहीये हो.

मोठ्या जहाजांचा धूर जास्त, मान्य. पण तो तुमच्या तोंडावर येत नाही. जाळं ओढताना इंजिन कमी लोडवर घुरघुरत राहतं, जुनं इंजिन तेव्हाच जास्त काजळी ओकतं आणि माणसं तिथेच डेकवर उभी असतात. नीआ बे या वॉशिंग्टनमधल्या बंदरात तर बोटींचा धक्का आणि माकाह या आदिवासी जमातीचं गाव एकमेकांना चिकटून आहे. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ लाच जाहीर केलंय.

इलेक्ट्रिक का नाही? खाडीतल्या खाडीत फिरणाऱ्या बोटीला जमेल कदाचित, पण हॅलिबट माशासाठी पॅसिफिकमध्ये जाणाऱ्याने तिथे चार्जिंग कुठे शोधायचं? ईपीएच्या धुराच्या नियमांच्या पायऱ्या आहेत, त्यांना टियर म्हणतात, आणि त्यातले सगळ्यात कडक टियर ४ चे नियमही ६०० किलोवॅट आणि त्यापुढच्या इंजिनांना आहेत, या बोटींची इंजिनं त्याहून बरीच लहान, म्हणून त्याखालच्या टियर ३ वर भागवावं लागतं.

एक मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. नवीन इंजिनातून काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी येतात, कार्बन डायऑक्साइड येतोच, जेवढं डिझेल जाळाल त्या मानाने. मी शीर्षकात ‘प्रदूषणमुक्त बोटी’ लिहिलं ती माझी चूक, आत्ताच ‘कमी धुराच्या’ केलंय. जुनंच दिसत असेल तर पेज रिफ्रेश करून बघा.