वळवायची मुभा

गेल्या वर्षी मेच्या मध्यावर आम्ही चौघे कॅनडातल्या अल्गॉन्क्विनच्या अरण्यात कनू, म्हणजे वल्ह्यांची निमुळती होडी, घेऊन गेलो. दोघे सोलापूरचे, एक नागपूरचा, एक इथलाच. टोरांटोहून तीनेक तासांवरचं हे जंगल १८९३ पासून राखीव आहे, आत २,४०० च्या वर तळी. त्यांवरचं बर्फ एप्रिलअखेरीला कुठे वितळतं, म्हणजे मेमध्ये वर ऊन आणि खाली फ्रीजमधलं पाणी.

ओपिऑन्गो तळ्याच्या दक्षिण टोकाहून सकाळी सातला निघालो, तेव्हा पाणी पहाटेच्या सिद्धेश्वर तलावासारखं निवांत होतं. अकराला वारं सुटलं. मग पाऊस, पावसात बर्फाचे कण. हे तिथलं सगळ्यांत मोठं तळं आणि वाऱ्यासाठी बदनाम. लाट कनूच्या काठाला टेकायला लागली तसा पुढे बसलेला दोस्त ओरडला, "वळव बे, वळव!" वळताना कनू लाटेला आडवी होते, तोच खरा धोक्याचा क्षण. एक मोठी लाट जाऊ दिली, कशीबशी वळवली आणि काठाच्या आडोशाने माघारी आलो.

हौसेने नेलेली सोलापुरी चादर भिजून दगडासारखी जड झाली होती. सुती कापड ओलं झालं की ऊब देत नाही, उलट अंगातली ओढून घेतं. इथली माणसं म्हणूनच लोकर घालतात. आमचा अभिमान त्या रात्री फांदीवर निथळत होता. कडक भाकरी आणि शेंगाचटणीने तेवढी लाज राखली.

इथे शिकवतात की थंड पाण्यात पडलात तर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणा, पुढची दहा मिनिटं हातपाय चालतील, शुद्ध हरपायला सुमारे तास लागतो. तो तास मिळतो लाइफ जॅकेट अंगात असेल तरच. आणि गंमत म्हणजे कायदा बोटीत माणशी एक जॅकेट ठेवा म्हणतो, मोठ्या माणसाने घातलंच पाहिजे असं म्हणत नाही. बुडाखाली उशी म्हणून घेऊन बसलेले महाभाग मी इथेही पाहिलेत.

घरी येऊन फोन उघडला तर नातेवाइकांच्या ग्रुपवर उजनी. २१ मे २०२४ ला उजनी धरणाच्या पाण्यात, कुगाव आणि कळाशी या गावांदरम्यान, वादळी वाऱ्यात बोट उलटली होती. सहा जण गेले, एक पोहून काठाला लागला. त्याला वर्ष होत आलं, म्हणून पुन्हा तोच वाद. काकांचं म्हणणं, बोटी कायमच्या बंद करा. बाकीच्यांचं, जॅकेटची सक्ती करा. मीही परदेशस्थाच्या थाटात लांबलचक उपदेश टाइप करायला घेतला.

तेवढ्यात करमाळ्याच्या मावसभावाने विचारलं, "दादा, माघारी फिरलात, मग त्या दिवसाचं काय?"

"तंबूच्या जागेचे पैसे गेले. दुसरं काय?"

"आमच्याकडं माघारी फिरलं की नावाड्याचं भाडं जातं, अन् पलीकडं निघालेल्याचा दिवस."

उपदेश पुसून टाकला. मी पाणी शोधत गेलो होतो. कुगावकरांच्या वाटेत ते भीमेवरच्या धरणाने आणून ठेवलंय. बोट बंद केली तर रस्त्याने मोठा वळसा, आणि तो वळसा बंदी मागणाऱ्या काकांना घालायचा नाही. जॅकेट हवंच, त्यावर चर्चा कसली? पण आम्हाला त्या दिवशी आधी वाचवलं ते वळवण्याने, जॅकेटची पाळीच आली नाही. वळवणं आम्हाला परवडलं. फेरीवर पोट असलेल्या नावाड्याला ते परवडत नाही.

वळीव बहुधा दुपार कलल्यावरच येतो, आणि आभाळ कसं वळतंय ते नावाड्याला आपल्याआधी कळतं. पूल होईपर्यंत अशा दिवशी दुपारनंतरची फेरी त्याने रद्द केली तर बुडालेलं भाडं त्याला भरून द्यावं. एवढंच ग्रुपवर लिहिलं.

मावसभावाचं उत्तर आलं, "पटलं. पण देणार कोण, तेवढं पण लिही की."