तापातलं उष्टं केळं माकडाला घालू नका

सध्या एक मेसेज कुडाळ-सावंतवाडीकडच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. वर मारुतीचा फोटो, खाली 'दहा जणांना पाठवा'. मजकूर थोडक्यात असा: रोगराई जनावरांकडून माणसाकडे येते, माणसाकडून रानातल्या जनावराकडे कधीच जात नाही. मोकळ्या हवेत राहणाऱ्या प्राण्याला सर्दी-खोकला ठाऊक नाही. करोनात सिंह आजारी पडले कारण ते पिंजऱ्यातले होते. दोडामार्गात माकडं मेली ती गोचिडीमुळे, माणसामुळे नव्हे. आणि शेवटी उपाय: मुलाचा ताप-खोकला हटत नसेल तर त्याचं उष्टं केळं माकडाला घाला. पीडा त्याच्यावर उतरते, आणि ते मारुतीचं रूप असल्यामुळे त्याला बाधत नाही.

असले मेसेज रोज येतात. पण हा माझ्या सख्ख्या भावाने खरा मानला. बेळगावहून पुतण्याला डॉक्टरांना दाखवून परतताना त्याने आंबोली घाटात गाडी थांबवली, पोराला केळ्याचा एक घास घ्यायला लावला आणि उरलेलं कठड्यावर बसलेल्या माकडिणीला दिलं. वर त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. मी फोन केला तर म्हणतो, "अगे, एक केळां तर दिलंय, तेच्यात रागवण्यासारख्या काय असा?"

रागवण्यासारखं काय आहे ते त्या व्हिडिओतच दिसतं. पोर खोकतंय, त्याचा आवाज येतो. माकडीण केळं हातात घेते, भराभर चावे घेऊन गालाच्या पिशवीत कोंबते. तिच्या पोटाशी पिल्लू आहे. ते मान वर करून आईच्या ओठांना नाक लावतं आणि ती काय खातेय याचा वास घेत राहतं. खाली पडलेली साल तोवर दुसरं माकड उचलून चाटू लागतं. खोकणाऱ्या मुलाच्या तोंडातली लाळ एका मिनिटात तीन तोंडांपर्यंत पोचली. आपल्या घरात आजारी पोराचं भांडं आपण वेगळं ठेवतो. तिथे कठड्यावर ते कोण ठेवणार?

आणि पोराला झालंय काय, हे आईबापांना तरी कुठे माहीत असतं? गोवराची सुरुवातही ताप, खोकला आणि वाहत्या नाकानेच होते, अंगावर पुरळ नंतर उठतं. २०२२ मध्ये मुंबईत गोवराची साथ आली होती, आणि मुंबईहून आमच्याकडे माणसांची ये-जा बारा महिने चालू असते. गोवर हा माणसाचाच विषाणू. पण मकाक जातीच्या माकडांना तो होतो, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. आंबोलीच्या कठड्यावर बसणारी लाल तोंडाची माकडं मकाकच. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर लोकांनी पाळलेल्या मकाकांचं रक्त तपासलं, तेव्हा गोवराची आणि इन्फ्लुएन्झाची प्रतिपिंडं सापडली होती. म्हणजे हे विषाणू त्यांच्या शरीरात शिरून गेले होते.

मी स्वतः शनिवारी मारुतीला तेल वाहते, त्यामुळे मला श्रद्धा शिकवायला कोणी येऊ नये. ज्याला देवाचं रूप म्हणून हात जोडायचे, त्याच्याच पिल्लाच्या तोंडाशी आपल्या पोराचा आजार न्यायचा, ही कुठली भक्ती? आपल्याकडे देवाला उष्टं दाखवत नाहीत. मग देवाच्या रूपाला ते चालतं, हे या मेसेजवाल्याला कोणी सांगितलं?

आता 'रानातल्या जनावराला सर्दी-खोकला होत नाही' हा मुद्दा. पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्ट देशात ताई नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, घनदाट पावसाळी जंगल. तिथल्या चिंपांझींचा अभ्यास अनेक वर्षं चालू आहे, आणि माणसं जवळ आली तरी पळायचं नाही याची त्यांना सवय झालेली आहे. १९९९, २००४ आणि २००६ मध्ये त्या चिंपांझींमध्ये खोकल्याच्या साथी आल्या आणि काही मेले. मेलेल्यांच्या फुप्फुसांचे नमुने तपासले. त्यांत आरएसव्ही आणि मेटान्यूमोव्हायरस हे सर्दी-खोकल्याचे विषाणू सापडले, दोन्ही माणसाचे, आणि त्या काळात माणसांत फिरणाऱ्या विषाणूंशी अगदी जवळचे. सोबत न्यूमोनियाचे जिवाणूही होते. २००८ साली हे 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात छापून आलं. या विषयावरचा एकच पुरावा कोणाला दाखवायचा असेल तर हा दाखवा. ती जनावरं मोकळ्या हवेतच होती ना?

आरएसव्ही आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मुलाला दोन वर्षांच्या आत एकदा होऊन जातो, म्हणून मोठेपणी त्याने बहुतेकांचं नुसतं नाक गळतं. ज्या कळपाने तो विषाणू कधी पाहिलाच नाही, तिथे लहान-थोर सगळे एकदम आजारी पडतात. युगांडात न्गोगो इथे २०१६ संपता संपता मेटान्यूमोव्हायरसचीच साथ आली आणि सुमारे दोनशेंच्या समूहातले २५ चिंपांझी गेले. आपल्याला ज्यासाठी रजासुद्धा मिळत नाही, तसल्या आजाराने.

मोकळ्या हवेच्या मुद्द्यात एवढं खरं आहे की ऊन-वाऱ्यात विषाणू लवकर मरतात. चिंपांझी माणसाला जितका जवळचा तितकं आपलं माकड नाही, हेही खरं. प्रयोगशाळेत मकाकांना करोनाची लागण केली तेव्हा बहुतेकांना आजार सौम्यच झाला. पण हातातून तोंडात गेलेल्या केळ्याला ऊन काय करणार? आणि सौम्य आजारातलं माकडही कळपात बसूनच दुसऱ्याच्या उवा काढतं.

सिंहांचं म्हणाल तर चेन्नईजवळ वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयात जून २०२१ मध्ये करोना झालेली सिंहीण दगावली. ती पिंजऱ्यातली होती, कबूल. पण अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणं कोणाच्या पिंजऱ्यात होती? २०२१ च्या पहिल्या तीन महिन्यांत चार राज्यांतल्या रानातल्या हरणांचं रक्त तपासलं, तर ४० टक्के नमुन्यांत करोनाची प्रतिपिंडं निघाली. 'रोग एकाच दिशेने येतो' हा मुद्दा इथेच संपला. उलट, प्राण्यात गेलेला विषाणू बदलून परत आपल्याकडे येऊ शकतो. डेन्मार्कमध्ये मिंक या केसाळ प्राण्यांना तो माणसांकडून झाला, त्यांच्याकडून पुन्हा माणसांना झाला, आणि २०२० च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारने देशातले सगळे पाळलेले मिंक मारायला लावले. आमच्याकडे नारळ-काजूच्या नुकसानीमुळे बागायतदार आधीच माकडांवर खार खाऊन आहेत. उद्या 'माकडांकडून रोग येतो' अशी हूल उठली तर त्यांना विष घालायला किती वेळ लागेल?

यावर घाटात जाणंच बंद करा, असं मी म्हणत नाही. ताईमध्येही अभ्यास थांबवला नाही, कारण माणसांच्या वावरामुळे चोरटी शिकार कमी होते हेही त्याच संशोधनात दिसलं होतं. त्यांनी तोंडाला मास्क लावले, चिंपांझींपासून अंतर राखलं, आजारी माणसाला रानात जाऊ दिलं नाही. आपल्याला तर याहूनही सोपं आहे. गाडीची काच वर ठेवायची आणि खायला काही द्यायचं नाही. तसंही खाण्याच्या आशेने रस्त्यावर आलेली माकडं गाड्यांखाली जातात आणि देणाऱ्या हाताला चावतातही.

राहिली दोडामार्गची माकडं. तो मुद्दा बरोबर आहे. तो माकडताप, १९५७ साली कर्नाटकात शिवमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला, गोचिडीतून पसरणारा. सर्दीशी त्याचा संबंध नाही. पण एक रोग गोचिडीने होतो म्हणून दुसरा लाळेने होत नाही, असं कसं ठरतं? आणि माकडतापाचं नाव घेतलंच, तर त्यातली कामाची गोष्ट मेसेजवाल्याने लिहायला हवी होती: मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी उतरून माणसाला चावतात. बागेत किंवा पाणंदीत मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, काठीने ढकलू नका, पोरांना आणि कुत्र्यांना तिथून लांब ठेवा. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही कळवा.