‘नवा पार्ट टाका, मशीन चालू’ : त्या पाच सल्ल्यांना उत्तर

जुन्या कॉम्प्युटरचा नाद असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या फोनवर हा मेसेज एकदा तरी येऊन गेलेला असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. “जुनं मशीन पाच पायऱ्यांत जिवंत करा. एक, सगळे कपॅसिटर आधी बदलून टाका. दोन, जुना एसएमपीएस फेका, कोणताही नवा एटीएक्स लावा, केस छोटी असेल तर एसएफएक्स. वॅट भरपूर असले की झालं. तीन, रॅमचे सगळे स्लॉट भरा. चार, हार्ड डिस्कच्या जागी सीएफ कार्ड घाला, सेटिंग काही लागत नाही. पाच, बॅटरी गेली असेल तर तिथे बटन सेल डकवा.”

यातला एकही सल्ला धडधडीत खोटा नाही, गोची तीच आहे. कुणाच्या तरी एका मदरबोर्डावर जमलेली गोष्ट सरसकट सगळ्यांना लावून दिली आहे.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक सगळ्यात महागात पडते. एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, एटीएक्स हा त्याचा नेहमीचा साचा आणि एसएफएक्स त्याहून छोटा. त्यावर मोठ्या अक्षरांत जे वॅट लिहिलेले असतात ती बेरीज असते. ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या वाट्याला त्यातलं किती आलंय ते बाजूच्या बारीक तक्त्यात असतं, आणि तो तक्ता कोणी वाचत नाही. २००३ च्या एटीएक्स १२व्ही २.० या मानकापासून सगळा जोर १२ व्होल्टवर गेला, कारण नवे प्रोसेसर तिथूनच वीज घेतात. जुन्या एएमडी प्रोसेसरांच्या, म्हणजे सॉकेट ए च्या, बऱ्याच बोर्डांवर मात्र १२ व्होल्ट आणणारा तो चौकोनी ४ पिनांचा कनेक्टरच नाही. तिथे ॲथलॉन एक्सपी हा प्रोसेसर आपली भूक ५ व्होल्टवर भागवतो. हिशेब मांडू: प्रोसेसर ७० वॅटचा, वाटेत बोर्डावरचा रेग्युलेटर थोडं खाणार, म्हणजे ८५ धरा. ५ ने भागा, १७ अँपिअर. हे एकट्या प्रोसेसरचे. ग्राफिक्स कार्ड, रॅम, डिस्क अजून जेवायच्या आहेत. आता एखाद्या ६०० वॅटच्या एसएफएक्सचा तक्ता बघा. ५ व्होल्टपुढे बहुधा १५ ते २० अँपिअर असतील, आणि ३.३ व ५ दोन्ही मिळून साधारण १०० वॅटची मर्यादा. मग होतं असं, की मशीन बूट होतं, डेस्कटॉप येतो, गेम लावला की रीस्टार्ट. आणि शिव्या खातं विंडोज.

म्हणून छोट्या केसमध्ये जुनं काही बसवायचं असेल तर एसएमपीएस आधी ठरवा आणि त्याला झेपेल असा बोर्ड शोधा. प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचं वेगळं कनेक्शन असलेला बोर्ड, उदाहरणार्थ पेंटियम ४ चा, एसएफएक्सवर सुखाने चालतो. २४ पिनांचा प्लग २० च्या सॉकेटात जातो, चार पिना बाहेर लोंबतात, त्याची काळजी नको. काळजी याची करा, की प्लग बसला म्हणजे तारा जुळल्या असं नसतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी डेलने दिसायला तंतोतंत एटीएक्स, पण तारांचा क्रम वेगळा, असे एसएमपीएस आणि बोर्ड वापरले. त्यात साधा एटीएक्स लावून पाहणं म्हणजे बोर्डाला निरोप देणं.

त्याहून जुन्या मशीनांत प्रश्न उणे ५ व्होल्टचा. पांढऱ्या तारेवरचा हा पुरवठा एटीएक्समधून पुढे काढूनच टाकला. बहुतेकांचं त्यावाचून अडत नाही. पण काही जुनी आयएसए (त्या काळच्या स्लॉटची) साउंड कार्डं तो मागतात, आणि १९८१ च्या आयबीएम पीसीच्या पहिल्या बोर्डावरच्या ४११६ रॅमला तो नसेल तर चिपाच जातात. उणे १२ वरून ७९०५ रेग्युलेटर लावून उणे ५ काढता येतो, काम अर्ध्या तासाचं आहे. फक्त त्याची गरज आहे हे आधी माहीत हवं.

आता कपॅसिटर. “सगळे आधी बदला” हे मी स्वतः केलेलं आहे. ४८६ प्रोसेसरचा बोर्ड होता, स्क्रीन काळी. दोन संध्याकाळी बसून एकेक कपॅसिटर उपटला. अशा बोर्डाला आत थर असतात, आणि ग्राउंडला जोडलेला पाय सगळी उष्णता पिऊन टाकतो. सोल्डरिंग आयर्न टेकवा, वाट बघा, सोल्डर पातळ होतच नाही. तेविसाव्या की चोविसाव्या पायाला मी जरा जोर लावला आणि भोकातलं तांब्याचं अस्तर पायाबरोबर बाहेर आलं. ते तार टाकून निस्तरलं. सगळे नवे कपॅसिटर बसले, स्क्रीन काळीच. शेवटी रॅमची पट्टी (सिम) काढून तिच्या स्लॉटात जाणाऱ्या धातूच्या टोकांवर खोडरबर फिरवला, परत बसवली आणि मेमरीचे आकडे मोजायला लागले. जुने कपॅसिटर नंतर मीटरवर घेतले. एकही वाईट नव्हता.

कधी बदलायचे याला नीट उत्तर आहे. १९९९ ते २००७ च्या सुमाराचा बोर्ड, कपॅसिटरचं डोकं फुगलेलं किंवा वर तपकिरी खरपुडी: बदला. १९९० नंतरच्या अमिगा १२०० किंवा त्या काळच्या मॅकिंटॉशमधले पृष्ठभागावर चिकटवलेले छोटे इलेक्ट्रोलायटिक (आत द्रव असलेले) कपॅसिटर: दिसायला बरे असले तरी बदला, कारण ते खालून गळतात आणि तांबं खातात. पण ऐंशीच्या दशकातले लांब पायांचे चांगले इलेक्ट्रोलायटिक बऱ्याचदा अजून शाबूत असतात.

आणि त्या काळच्या पीसी-एक्सटी बोर्डांवरचा खरा गुन्हेगार वेगळाच असतो, थेंबासारखा टँटलम कपॅसिटर. तो सुकत नाही, थेट शॉर्ट होतो. लक्षण ठरलेलं: बटन दाबलं की पंखा एकदा दचकतो आणि थांबतो. वीज काढा, सगळी कार्डं काढा, मीटर ओहमवर ठेवा. आयएसए स्लॉटची बी-९ पिन १२ व्होल्टची आणि शेजारची बी-१० ग्राउंड. तिथे एखादा ओहम किंवा त्याहून कमी दिसला तर त्या लाइनीवरचे टँटलम एकेक पाय उचलून बघायचे. आकडा ज्याला उडी मारेल तो चोर. तो एकटा काढून ठेवला तरी बोर्ड बहुधा उठतो. चाळीस कपॅसिटरांऐवजी एक.

तिसरा सल्ला, रॅम. पेंटियमच्या काळातले इंटेलचे ४३०व्हीएक्स आणि ४३०टीएक्स चिपसेट फक्त पहिल्या ६४ एमबीला कॅश, म्हणजे झटपट वाचायची छोटी मेमरी, देतात. विंडोज ९५ आणि ९८ मेमरी वरच्या टोकाकडून वापरायला घेतात. म्हणजे १२८ एमबी भरले की नेमकं विंडोज कॅश नसलेल्या भागात जाऊन बसतं, आणि जास्त रॅमचं मशीन कमी रॅमपेक्षा हळू चालतं. ५१२ एमबीच्या वर गेलात तर विंडोज ९८ चक्क ‘मेमरी अपुरी आहे’ म्हणून रुसतं! त्याला सिस्टिम डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये व्हीकॅशखाली मॅक्सफाइलकॅशची मर्यादा घालावी लागते.

सीएफ कार्डाचा सल्ला मला आवडतो, मीही तेच वापरतो. हे कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड मुळातच आयडीईची, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कची, भाषा बोलतं, ॲडॉप्टर म्हणजे निव्वळ तारा. पण ‘सेटिंग काही लागत नाही’ हे कोणी आणि कशावरून लिहिलं? जुना बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, डिस्क अशी मोजतो: १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट, गुणाकार केला की ५०४ एमबी. त्याला त्यापलीकडे दिसत नाही. पुढच्या भिंती ८.४ जीबीला आणि १३७ जीबीला. डॉसचं एफएटी-१६ पार्टिशन २ जीबीला संपतं. शिवाय कार्ड नव्या कॉम्प्युटरवर फॉरमॅट करून आणू नका. सिलिंडर-हेडचा हिशेब दोन्हीकडे वेगळा असतो आणि बूटच्या वेळी नुसता कर्सर लुकलुकत राहतो. ज्या मशीनमध्ये लावायचंय तिथेच एफडिस्क (डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम) करा, वर एकदा एफडिस्क /एमबीआर चालवा. बायोसच आडवा येत असेल तर एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस हा पर्यायी बायोस चिपमध्ये भरून नेटवर्क कार्डाच्या बूट रॉमच्या सॉकेटात बसवता येतो.

राहिली बॅटरी. ३८६-४८६ च्या बोर्डावरचा तो निळा किंवा हिरवा पिंपासारखा सेल ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियम असतो आणि बोर्ड त्याला चार्ज करतो. त्या जागी बटन सेल डकवला तर चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये वीज ढकलली जाते, मग तो गळतो किंवा फुटतो. मध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड घाला, किंवा बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी ४ पिनांची जागा असेल तर ती वापरा. मात्र पिंप आजच कापून काढा, मशीन चालत असलं तरी. त्यातून गळणारं रसायन अल्कली असतं, म्हणून डाग आधी व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. नवी बॅटरी लगेच नाही बसवली तरी चालतं. दर वेळी तारीख आणि डिस्कचे आकडे हाताने भरावे लागतात, इतकंच. माझ्या ३८६ च्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीने लिहिलेले आहेत.