चेहरा दाखवायचाय ना? मग कोरा घेऊन या

आमच्याकडं सांगलीत पेशंट खुर्चीत टेकायच्या आधी फाईल टेबलावर टेकते. सीबीसी, थायरॉईड, शुगर, पॅकेजमध्ये स्वस्तात मिळालेल्या सगळ्या तपासण्या. चेहरा मात्र स्कार्फमध्ये गुंडाळलेला. कातडीचा डॉक्टर म्हणून माझं सरळ मत आहे, चेहऱ्यावरच्या बऱ्याच दुखण्यांना आधी रिपोर्ट लागत नाही. लागतो खिडकीतला उजेड, डॉक्टरचं बोट आणि साध्या पाण्यानं धुतलेलं तोंड. "नुसतं बघितलं अन् पैसं घेतलं," हे बाहेरच्या बाकावरचं बोलणं आत ऐकू येतं बरं का!

त्या 'नुसत्या बघण्यात' काय असतं ते सांगतो. तासगाव-मिरज भागातून पन्नाशीचे शेतकरी येतात. चेहरा लाल-काळा, कातडं जाड, खाजेनं झोप नाही. "उन्हानं झालंय" हे घरात ठरूनच आलेलं असतं. मी त्यांना हनुवटी वर करायला लावतो, डोळे मिटायला लावतो, कान पुढं ओढून मागं बघतो. वरची पापणी, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची जागा, इथं ऊन फारसं पोचत नाही. या जागा स्वच्छ असतील तर संशय उन्हावर. तिथंही तेच झालं असेल तर हवेतून काहीतरी येऊन बसतंय, आणि आपल्याकडं पहिला संशय गाजरगवतावर. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं हे 'काँग्रेस' आज बांधाबांधावर आहे. वाळलं की त्याची लव आणि चुरा वाऱ्यावर उडतो, पापणीच्या नि मानेच्या घडीत अडकतो. दुखणं जुनं झालं की कातडीला ऊनही सोसेनासं होतं आणि दोन्ही खुणा एकमेकांत मिसळतात. तेव्हा पॅच टेस्ट करायची, म्हणजे संशयातली वस्तू कातडीवर चिकटवून ठेवायची आणि तिथं काय उठतं ते बघायचं. पण कशाची करायची, हे आधी डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

नागिणीचं तर विचारूच नका. विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, ही भीती अजून घराघरात आहे. अहो, ती एका नसेच्या वाटेनं जाते, शरीराच्या एकाच बाजूला राहते. विळख्याची काळजी सोडा, नाकाचा शेंडा बघा. कपाळावर नागीण उठली आणि नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला एक जरी फोड आला, तरी त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठायचा, कारण तिथं जाणारी नस डोळ्यातही जाते. हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 19व्या शतकातच ही खूण लिहून ठेवलीय. गोळ्यांचा खरा उपयोग पहिल्या 72 तासांत, आणि आपले ते तास गेरू लावण्यात आणि मंत्र घालण्यात जातात.

लहान पोराच्या गालावर फिका चट्टा दिसला की आईचा जीव खाली-वर. कोड पांढरंफेक असतं, कड स्पष्ट असते. पोराचा चट्टा पुसट, वर बारीक कोंडा, तर बहुतेक वेळा आपोआप जातो. त्याला जंताचं नि कॅल्शियमचं नाव कुणी दिलं, देव जाणे. मला धास्ती वाटते ती न खाजणाऱ्या, न दुखणाऱ्या चट्ट्याची. तिथं कुष्ठरोगाचा संशय येतो, म्हणून मी कानाची पाळी चिमटीत धरून बघतो, भुवईचं बाहेरचं टोक विरळ झालंय का बघतो, कोपराजवळची नस जाड लागते का चाचपतो. चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट, त्यामुळं कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरही कधीकधी स्पर्श कळतो, आणि "कळतंय की" म्हणून माणूस निर्धास्त राहतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, 6 किंवा 12 महिन्यांचं.

या खुणा पुसायचं काम मात्र आपण घरीच करतो. हळदीच्या पेठेत राहून हळदीला नावं ठेवू नयेत, पण पिवळ्या लेपाखाली लाल कुठलं नि जांभळं कुठलं, सांगा! त्याहून वाईट ती मेडिकलमधून मागून आणलेली ट्यूब. त्यातल्या स्टेरॉईडनं नायट्याची गोल कड विरते, खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरते. गोरं व्हायला तीच ट्यूब महिनोन् महिने लावली की कातडं पातळ होतं, लाल शिरा दिसतात, बायकांच्या गालावर लव वाढते. बंद केली की आग होते, म्हणून परत लावतात. नियमाप्रमाणं ही ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते. चिठ्ठी विचारतंय कोण?

तेव्हा येताना मेकअप, लेप, पावडर काही नको. ट्यूब लावून झाली असेल तर लपवू नका, ती पिळून चपटी झालेली ट्यूबच पिशवीत टाकून आणा. आणि जुना, काही लावायच्या आधीचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर तो आधी दाखवा, फाईल नंतर बघू.